लेकाबरोबरचं जेवण

आक्का नाताळचं जेवण पहाटे जेवायच्या. सांबऱ्याच्या बायका अंगण झाडायला बाहेर पडलेल्या असायच्या, डेअरीला दूध घालणाऱ्यांच्या मोटारसायकली धुक्यातून जात असायच्या, आणि आमच्या खालच्या घरात आक्का अंघोळ करून, ठेवणीतली साडी नेसून, वर स्वेटर आणि डोक्याला मफलर अशा थाटात पाटावर बसायच्या. ताटात काय असायचं, ते सांबऱ्यात दुसऱ्या कुणाच्या ताटात असणं शक्य नव्हतं. त्या वेळी त्यांचा लेक कॅनडात होता. तिकडे तेव्हा रात्र व्हायची, आणि तो जेवायला बसायचा त्याच वेळी आक्का इकडे बसायच्या. गावाला हे माहीत होतं. गाव हसत होतं, पण पाठीमागे, कारण आक्कांच्या तोंडाला लागायची छाती कुणाची नव्हती.

मी त्यांची भाडेकरू. बोरगावची मी, बँकेत नोकरी लागली आणि पहिलीच नेमणूक सांबऱ्याच्या शाखेत झाली. खोली शोधताना जे व्हायचं ते झालं. आधी खोली रिकामी असायची, मग आडनाव विचारायचे, मग ती नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. चार दारं फिरून मी आक्कांच्या दारात उभी राहिले तेव्हा आडनाव सांगूनच टाकलं, म्हणजे पुढचा वेळ वाचेल. आक्कांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "जेवाय एकटी बसत्यास?" मी म्हटलं, एकटीच आहे तर एकटीच बसणार. "मग ऱ्हावा. पन जेवाय खाली यायाचं. एकटं जेवलेलं अंगाला लागत न्हाई."

या एका गोष्टीवर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं. त्यांचे मालक उद्यमबागेत, तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फाउंड्रीत मोल्डर होते, ओतकामाचे साचे करायचे. पाळी कुठलीही असो, ते घरी येईपर्यंत आक्का जेवायच्या नाहीत. बस चुकली, ओव्हरटाइम लागला, पावसात गाडी बंद पडली, तरी ताटं दोनच वाढायची आणि एकाच वेळी. मालक गेले, तेव्हा मुलगा त्याच उद्यमबागेत एका कारखान्यात इंजिनिअर झाला होता. मग ती वाट बघणं त्याच्याकडे आलं. आणि मग त्याच्या कंपनीने त्याला मशिनं बसवायला परदेशात पाठवलं, आधी जर्मनीत, मग स्वीडनला, मग जपानला, मग कॅनडात. बाईने वाट तरी किती लांब बघायची? पण आक्कांनी त्यावर उपाय शोधला. रोजचं राहू दे, पण सणाचं तरी लेकाबरोबर जेवायचं. तो तिथे जे खाईल ते इथे करायचं, तो ज्या वेळी बसेल त्या वेळी बसायचं. म्हणजे ताटं दोन देशांत, पण जेवण एकच.

आता आपले सण त्याला तिथे कोण करून घालणार? म्हणून तिकडचे सण. ते सगळे थंडीतले. डिसेंबर लागला की आक्का फोनवर लेकाच्या मागे लागायच्या, तुमच्यात यंदा काय करत्यात म्हणून. तो सांगायचा ते नाव आक्का तोंडात घोळवून पाठ करायच्या आणि वर येऊन मला सांगायच्या. मी ते मोबाइलवर शोधून व्हिडिओ लावून द्यायचे. भाषा जर्मन असो की जपानी, आक्का आवाज बंद करूनच बघायच्या. भाषा काय करायची आहे, हात दिसतायत की, असं त्यांचं म्हणणं. बोलणाऱ्या माणसाचा त्यांना राग यायचा. पीठ मळताना एवढी बडबड कशाला करतो, थुंकी उडत असंल की.

जर्मनीतला नाताळचा पाव असतो, सुकामेवा घातलेला, करंजीसारखा दुमडून भाजलेला. तो भाजायला घरात भट्टी कुठली? दिवाळीत नानकटाईचं पीठ बेकरीत नेऊन भाजून आणायची आपल्याकडे रीतच आहे, त्या रीतीने आक्का पिठाचा डबा घेऊन बेकरीत गेल्या. बेकरीवाला म्हणाला, आक्का, दिवाळी होऊन गेली. आक्का म्हणाल्या, तुझी झाली, माझी व्हायची हाय. त्याने पहिल्या वर्षी तो पाव इतका करपवला की वरचा थर सुरीने तासून काढावा लागला. दुसऱ्या वर्षी आक्का स्वतः भट्टीसमोर उभ्या राहिल्या. तिसऱ्या वर्षी बेकरीवाला आपणहून विचारायला आला, यंदा कधी.

त्याच जर्मनीत थंडीत द्राक्षाची दारू लवंग-दालचिनी घालून गरम करून पितात. आक्कांच्या घरात दारू येणं शक्य नव्हतं. त्यांनी काळ्या मनुका उकळल्या, त्यात संत्र्याची साल, लवंग, दालचिनी, थोडा गूळ. वास इतका सुटला की शेजारची बाई वाटी घेऊन आली, तिच्या नातवाला खोकला होता. नातवाचा खोकला खरंच बरा झाला. मग डिसेंबरभर दारात वाट्या घेऊन बायका. आक्का सगळ्यांना द्यायच्या, वर बजावायच्या की हा काढा नव्हे, सण आहे. ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. अजूनही सांबऱ्यात काही घरांत खोकल्यावर 'आक्कांचा काढा' करतात.

स्वीडनमध्ये डिसेंबरात एक सण असतो, त्याला केशर घातलेले वेटोळ्यांचे पाव करतात आणि वेटोळ्यात एकेक मनुका बसवतात. त्या वर्षी तो सण नेमका मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला. आक्कांचा उपास, घरात महालक्ष्मीचा घट मांडलेला. पाव भाजून आले, पण देवीच्या आधी लेकाबरोबर कसं खायचं, असा पेच पडला. आक्कांनी तो चटकन सोडवला, पहिले पाव घटापुढे ठेवले आणि नैवेद्य दाखवला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी केशरी वेटोळी आणि त्यावर काळे डोळे बघितले. एकीला तो नागोबा वाटला. तिने कुंकू वाहिलं, मग सगळ्यांनी वाहिलं. आक्कांनी कुणाला अडवलं नाही. नंतर मला म्हणाल्या, तिकडच्या देवाला पन कुनी तरी हात जोडला, बरं झालं, ल्योक तिथं त्येच्याच भरवशावर हाय.

जपानात वर्ष संपताना लांबलचक शेवया खातात, आयुष्य लांब व्हावं म्हणून. हे ऐकल्यावर आक्कांना त्या देशाबद्दल आदर वाटायला लागला. उन्हाळ्यात केलेल्या आपल्या शेवया होत्या, पण त्या उकळल्या की तुटायच्या. तुटलेली शेवई म्हणजे तुटलेलं आयुष्य, ती लेकाच्या नावाने कशी खायची? मग शेवटच्या दिवशी सकाळपासून ताज्या शेवया वळणं आणि एकेक उचलून कटाच्या आमटीत सोडणं. त्याच देशात तांदूळ कुटून गोळे करतात, तेही त्यांनी केले. उखळात भात कुटता कुटता मुसळ इतकं रुतलं की आम्ही दोघींनी ओढलं तरी निघेना. शेवटी उखळ आडवं करून गरम पाणी ओतलं. जे बाहेर आलं त्याचा साड्यांना खळ देण्यापलीकडे उपयोग नव्हता. आक्कांनी तिथेच उभ्या उभ्या त्यातलाही एक घास खाल्ला. तोंड वाकडं केलं नाही, मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण त्यात एक गोष्ट मला बोचायची. वर्षभर रोज रात्री मी आक्कांबरोबर जेवायचे. आमटी कमी पडली तर त्यांच्या ताटातली माझ्याकडे यायची. पण या सणांच्या दिवशी मला खाली बोलावणं नसायचं. "आज ल्योकाबरोबर जेवनार," एवढंच सांगायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. जिन्यावरून खिडकीतून दिसायचं, ताटापुढे रिकामी जागा ठेवायच्या, फोन बाजूला पालथा घालायच्या आणि सावकाश जेवायच्या. मी वर माझ्या खोलीत काहीतरी करून खायचे. दुपारनंतर त्या वाटीत झाकून माझा वाटा वर आणून द्यायच्या, प्रेमाने द्यायच्या, पण तोवर ते गार झालेलं असायचं. मी परकी होते, मला राग यायचा काय अधिकार? तरी यायचा. सण नसलेल्या दिवशी मी घरची आणि सणाच्या दिवशी भाडेकरू, असं मनात यायचं.

जेवायच्या आधी फोन ठरलेला असायचा. तो मला वर ऐकू यायचा, त्यात फारसं काही नसायचं. बसलास का, बसतोय. किती मानसं हाईत. हाईत की, लई हाईत, ऑफिसातली सगळी हाईत. काय केलंय. त्याने पदार्थाचं नाव सांगायचं, आक्कांनी आपल्या ताटाकडे बघून मान हलवायची. मग तो म्हणायचा, आई, ठेवतो, सगळी थांबल्यात. आक्का लगेच ठेवायच्या, लोकांना ताटावर ताटकळत ठेवायचं नसतं. फोन ठेवला की त्यांचा चेहरा खुलायचा. लेक परमुलुखात आहे, पण भरल्या पंगतीत बसलाय, याचं ते समाधान होतं. दिवसभर दारात जो येईल त्याला त्या सांगायच्या, काल आमच्यात इतकी मानसं जेवाय हुती. आमच्यात म्हणजे कॅनडात.

तो एरवी यायचा तो मे महिन्यात, लग्नसराईत, दहा ठिकाणी जेवून परत जायचा. एका वर्षी मात्र त्याला जानेवारीत रजा मिळाली आणि तो भोगीच्या आदल्या दिवशी आला. आक्कांना काय करू नि काय नको असं झालं. भोगीचं तर करायचंच होतं, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, वांगं-गाजर-घेवडा-हरभऱ्याची मिसळून भाजी, लोणी. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. इतक्या वर्षांत लेकाबरोबर जे जे जेवल्या ते सगळं त्याच्यासमोर एकदा वाढायचं. आठवडाभर आधीपासून बेकरीवाला हैराण. दुमडलेला पाव झाला, केशरी वेटोळी झाली, लांब शेवया झाल्या, कॅनडातलं अंडं-जायफळ घालून आटवलेलं दूधही झालं. आणि त्या वर आल्या. म्हणाल्या, उद्या तू पन ये, उद्या ल्योक समोर हाय, आता लपवायचं काय.

मी गेले. मुलगा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, केस विरळ झालेले, आवाज हळू. मांडी घालून बसायची सवय मोडल्यामुळे सारखा पाय बदलत होता. आक्का वाढत होत्या आणि वाढताना माझ्याकडे बघून हसत होत्या, बघ आता कसं ओळखतोय. त्यांनी आधी जर्मनीचा पाव कापून त्याच्या ताटात ठेवला आणि समोर बसल्या. तो जर्मनीत तीन वर्षं होता.

त्याने तुकडा मोडला, खाल्ला, आणि म्हणाला, "लई चांगलं झालंय. हे काय गं, आई?"

आक्का हसल्या. त्यांना वाटलं मस्करी करतोय. त्यांनी वेटोळ्याचा पाव पुढे केला. त्याने तो हातात धरून फिरवून बघितला, मनुकांवर बोट ठेवलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो एकदम माझ्याकडे बघायला लागला. मी काय मदत करणार होते? मलाच तेव्हा पहिल्यांदा समजत होतं.

"तिथल्यासारखं झालंय का न्हाई, तेवढं सांग," आक्का म्हणाल्या. आवाजातलं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

त्याने वेटोळं परत ताटात ठेवलं. मग त्याने सांगितलं. ताटाकडे बघत सांगितलं. सणाच्या दिवशी तिकडे सगळं बंद असतं. हॉटेलं बंद, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. ऑफिसातले सगळे आपापल्या आईबापांकडे जातात. वाईट कुणी नाही, पण तो दिवस घरच्यांचा. स्वीडनमध्ये एकाने एकदा बोलावलं होतं. हा बर्फातून चालत गेला, खिडकीतून आत मेज दिसलं, भोवती आजोबांपासून नातवंडांपर्यंत घरचीच माणसं, आणि याचा हात काही घंटीपर्यंत गेला नाही. तसाच परत आला. दुसऱ्या दिवशी सर्दी झाली म्हणून सांगितलं. पदार्थांची नावं तो दुकानांच्या काचांवर वाचायचा आणि आईला सांगायचा, आई विचारते म्हणून, आणि आईने काळजी करू नये म्हणून. ती त्या दिवशी तेच रांधून बसते, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला वाटायचं, उगाच चौकशी करते.

"मग खात काय हुतास?"

"दहीभात."

"सगळ्या ठिकानी?"

"व्हय."

आक्कांनी हातातली सुरी खाली ठेवली. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं आणि तेव्हाही त्या रडल्या नाहीत. ताटांवरून त्यांची नजर फिरली, सगळ्या देशांवरून, आणि त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे मी एकटीच जेवत हुतो." मग माझ्याकडे बोट केलं. "आनि हिला वर एकटीला बसवून."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगायला शब्द आहेत, पण ते सांगून काय होणार आहे? सणाच्या दिवशीचा माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. एकाच घराच्या वर आणि खाली दोन बायका, आणि तिसरा तिकडे समुद्रापलीकडे, तिघंही त्या त्या दिवशी एकेकटे जेवत होतो, आणि त्यातली एक आनंदात होती.

आक्का उठल्या. त्यांनी लेकाच्या ताटातलं परदेशी सगळं काढलं, भाकरी वाढली, भोगीची भाजी वाढली, लोण्याचा गोळा ठेवला. तो खाली मान घालून जेवला. खूप जेवला. आक्का त्याच्याकडे बघत राहिल्या, स्वतः काही खाल्लं नाही. पाव आणि वेटोळी दुसऱ्या दिवशी गल्लीत तिळगुळाबरोबर वाटून टाकली. बायकांनी आवडीने खाल्ली, आणखी आहेत का म्हणून विचारलं. आक्का म्हणाल्या, न्हाईत, पुढं पन असनार न्हाईत.

मुलगा पंधरा दिवसांनी परत गेला. जाताना इकडेच नोकरी बघतो असं म्हणाला. विमानतळ तिथून चालत जाण्याइतका जवळ, तरी आक्का त्याला सोडायला कधीच जात नसत, दारातूनच हात हलवायच्या. तसा हलवला. त्यानंतर त्यांनी मला कुठलाही व्हिडिओ लावायला सांगितला नाही. माझी बदली उन्हाळ्यात निपाणीला झाली. खोली सोडताना आक्कांनी डबा भरून दिला आणि तिकडं कुनाबरूबर जेवनार, एवढंच विचारलं. मी म्हटलं, बोरगाव जवळ आहे, घरी जाईन. निपाणीत मी खोली घेऊन राहते. घरी शनिवारी जाते.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राहवलं नाही म्हणून फोन केला. आक्का नुकत्याच जेवून उठल्या होत्या. पहाटेच. म्हणजे ते चालूच होतं. मी विचारलं, काय केलं होतं आज. त्या म्हणाल्या, दहीभात. कालचा. त्योही कालचाच खातो, फ्रिजातला, मग मी पन रातचा झाकून ठेवतो. एवढ्या थंडीत पहाटे गार दहीभात, आक्का, घसा धरेल, असं मी म्हटलं.

मग त्यांनी सांगितलं की आता फोन ठेवायचा नाही असं ठरलंय. दोघांनी आपापला फोन समोर तांब्याला नाहीतर डब्याला टेकवून उभा करायचा आणि जेवायचं. बोलणं फार होत नाही. चमच्याचा आवाज येतो. मधेच तो मान वर करून बघतो, मधेच या बघतात. पाठीमागे त्याची खोली दिसते, एक खुर्ची, एक खिडकी, बाहेर अंधार.

मी म्हटलं, चांगलं झालं की आक्का. आता खरंच बरोबर जेवता.

"व्हय, ते हाय," त्या म्हणाल्या. मग ताट उचलल्याचा आवाज आला. "पन आदी बरं हुतं गं पोरी. आदी त्येच्याभवती मानसं हुती."